महापौर नुसता मानाचा हवा की कारभाराचा?

दादरचा_वाटसरू
मुंबईच्या महापौरपदाबद्दल बरेच दिवस मनात साचलेले लिहितो. आपण त्याला प्रथम नागरिक म्हणतो, पाहुण्यांच्या स्वागताला पुढे करतो. पण रस्ता खचला की जाब कुणाला विचारायचा? १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे दिले, आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. महापौराच्या वाट्याला सभागृह चालवणे, मते समसमान पडली तर निर्णायक मत देणे आणि मान. मुदतही अडीच वर्षांची. काम कळू लागते तोवर ती संपत येते. माझे मत असे की महापौर थेट लोकांनी निवडावा, पाच वर्षांसाठी, आणि प्रशासन त्याच्या हुकमाखाली असावे. कोलकात्यात महापौर आणि त्याची परिषद कारभार पाहते. मग आपले घोडे कुठे अडले?

खाडीपलीकडे
शंभर टक्के सहमत. ही रचनाच गोऱ्या सरकारने आपल्या माणसांच्या हाती सत्ता जाऊ नये म्हणून केली. स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षे झाली तरी आपण तीच ओढतोय.

जुनी_दप्तरे
@खाडीपलीकडे, हे अर्धेच खरे आहे. १८६५ च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड आयुक्त झाले. त्यांनी शहर झपाट्याने सुधारले, पण खर्च असा केला की करदाते खवळले. १८७१ मध्ये क्रॉफर्डविरोधी वातावरण ऐन तापलेले असताना तरुण फिरोजशहा मेहतांनी काय बाजू घेतली? आयुक्त एकच असू द्या, पण त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या सभेचा अंकुश ठेवा. ही भूमिका तेव्हा लोकांना रुचणारी नव्हती. पुढे १८७२ च्या कायद्याने निवडून आलेले सदस्य सभेत बसले आणि १८८८ च्या कायद्यावर तर मेहतांची छाप आहे. म्हणजे एकाने राबवायचे आणि अनेकांनी हिशेब मागायचा, ही वाटणी आपल्याच एका मोठ्या माणसाने विचारपूर्वक उचलून धरली होती.

महापौर हे नाव तर फार नंतरचे. १९३१ पर्यंत पदाचे नाव नुसते अध्यक्ष होते, त्या वर्षी 'मेयर' आला आणि जे. बी. बोमन-बेहराम पहिले ठरले. 'महापौर' हा सुंदर मराठी शब्द सावरकरांचा.

मला या पदाचे मोल अधिकारांत दिसत नाही. १९४२ मध्ये समाजवादी नेते युसुफ मेहेरअली, १९५६ मध्ये सुलोचना मोदी ही पहिली स्त्री, १९५८ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेवर आलेले कम्युनिस्ट एस. एस. मिरजकर. शहराचे मन कुठे वळले आहे ते त्या खुर्चीत दिसायचे.

दादरचा_वाटसरू
माहितीबद्दल मनापासून आभार, मेहतांचे मला ठाऊक नव्हते. पण तुमचाच मुद्दा धरतो. अंकुश ठेवायचा तर अंकुशाला टोक हवे. सभागृहाने ५/८ सदस्यांच्या मतांनी ठराव केला तर आयुक्ताला परत बोलवावे, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात? २०१६ मध्ये नवी मुंबईत आयुक्तांवरचा अविश्वास ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला, तरी राज्य सरकारने त्यांना लगेच हलवले नाही.

नळावरची_रांग
आणि बरे झाले नाही हलवले! त्या ठरावाच्या वेळी नवी मुंबईतले कितीतरी सामान्य लोक आयुक्तांच्या बाजूने बोलत होते, हे विसरू नका. निवडून आला म्हणजे तो लोकांचाच, असे गृहीत धरता येत नाही. थेट निवडणुकीचा अनुभव छोट्या गावांना विचारा. नगराध्यक्ष थेट निवडायचा की नगरसेवकांतून, हे सरकार बदलले की बदलते: २००१ च्या वेळी थेट, २००६ ला बंद, २०१६ ला पुन्हा थेट, २०२० ला बंद, २०२२ ला परत थेट. आमच्या गावात (नाव लिहीत नाही) नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे होते. सभेत विषय तहकूब, पुढच्या सभेत पुन्हा तहकूब. पाण्याच्या टाकीचे काम माझ्या मुलीच्या पाचवीपासून आठवीपर्यंत रखडले. आम्ही हंडे भरले, त्यांनी हिशेब चुकते केले.

आणखी एक. महापौरपद कुठल्या वर्गासाठी राखीव ते चिठ्ठीने ठरवणारी ती आरक्षणाची सोडत आहे म्हणून तर आमच्यासारख्यांच्या घरातली बाई त्या खुर्चीत बसू शकते. अडीच वर्षांमुळे पाळी लवकर येते. पाच वर्षे करा म्हणताना याचा विचार करा.

दादरचा_वाटसरू
सोडतीला माझा विरोध नाही, ती राहायलाच हवी. पाळी लांबेल हे मात्र मी ध्यानात घेतले नव्हते, ते मान्य.

खाडीपलीकडे
मुंबईत १९९८ ला महापौर परिषद आणली होती. ती वर्षभरात गुंडाळली. रुजायच्या आतच रोप उपटले आणि आता सगळे म्हणतात, इथे पीक येत नाही.

जुनी_दप्तरे
ते उदाहरण मलाही डाचते. पण उपटणारा कोण, ते पाहा. आणणारेही राज्य सरकार आणि काढणारेही तेच. शहरांच्या पालिकांना घटनेत स्थान देणारी ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, तरी पालिकेला कुठली कामे आणि किती अधिकार द्यायचे हे विधिमंडळाच्याच मर्जीवर राहिले. मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबत गेली आणि कारभार प्रशासकाकडे, म्हणजे आयुक्तांकडेच, गेला. त्या काळात महापौर नव्हता, नगरसेवक नव्हते, स्थायी समिती नव्हती. खर्चाला मंजुरी देणारा आणि खर्च करणारा एकच झाला. मेहतांनी जो अंकुश मागितला होता तो तेव्हा जागेवरच नव्हता. म्हणून वाटसरू, महापौराला सही द्यायची की नाही यावर आपण नंतर भांडू. आधी मुदत संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे, यासाठी माझ्याबरोबर भांडाल का?

दादरचा_वाटसरू
भांडेन. पण सहीचा हट्ट सोडणार नाही.