नॉर्मल मॅप म्हणजे 'सामान्य नकाशा'?

गेम आर्ट शिकवतो, पोरांसाठी मराठीत नोट्स लिहायला घेतल्यात. टेक्स्चरला 'पोत' मस्त बसला, कापडाचा पोत, जमिनीचा पोत, कोणालाही कळतो. पण बंप मॅप, नॉर्मल मॅप, पॅरॅलॅक्स, डिस्प्लेसमेंट (सपाट मॉडेलवर खाचखळगे दाखवायच्या चार युक्त्या) इथे गाडी अडली. भाषांतराच्या अ‍ॅपने नॉर्मल मॅपचा 'सामान्य नकाशा' करून दिला, वर्गात हसून हसून मेले सगळे. सुचवा काहीतरी.

— सरळ 'उठाव' म्हणा की, उठावशिल्पातला. (1857 चा नाही, आणि बाजारात मालाला नसतो तोही नाही!)

— सहमत नाही. चारही गोष्टींना उठाव म्हटलंत तर पोरांचा घोळ होणार. नॉर्मल म्हणजे इथे लंब, पृष्ठभागावर काटकोनात उभी राहणारी रेघ, पुस्तकी भाषेत अभिलंब. ती कुठल्या पिक्सेलला कुठे कललीय ते लाल-हिरव्या-निळ्यात लिहून ठेवलेलं असतं, आणि सपाट जागी ती सरळ उभी म्हणून आकडे येतात 128, 128, 255, म्हणून तर ती फाइल सगळी जांभळट निळी दिसते. जिम ब्लिनने 1978 साली बंप मॅपिंग मांडलं तेव्हाही युक्ती हीच होती, पृष्ठभाग तसूभरही हलवायचा नाही, फक्त उजेडाचा हिशोब करताना लंब कलता धरायचा. म्हणजे उठाव नाहीच, उठावाचा भास. खरा उठाव डिस्प्लेसमेंटमध्ये, तिथे मॉडेल ज्या जाळीचं बनलेलं असतं तिचे बिंदू खरोखर सरकतात.

— पुस्तकात डिस्प्लेसमेंटला विस्थापन आहे. पण विस्थापन म्हटलं की मला धरणग्रस्तच आठवतात, नको तो शब्द.

— वरच्या 'भास'ला +1, कारण मी त्यातच आपटलोय. किल्ल्याची तटबंदी करत होतो, काळा दगड, टाकीचे घाव, सगळं नॉर्मल मॅपमध्ये. समोरून बघितलं तर हात लावावासा वाटेल असं, पण तटाची वरची कड आभाळावर आली की पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ! कडेला कुठला आलाय भास. मग कडेचे दगड खरे मॉडेल केले आणि मधली भिंत तशीच ठेवली, मोबाइलवर चालवायचं होतं ना. व्हीआरमध्ये तर अजून पंचाईत, दोन्ही डोळ्यांना तेच सपाट चित्र, त्यामुळे जवळची भिंत वॉलपेपर चिकटवल्यासारखी दिसते.

— पॅरॅलॅक्सला खगोलशास्त्रात 'पराशय' आहे पण कोणी बोलत नाही. एसटीच्या खिडकीतून जवळचे खांब पळतात आणि लांबचा डोंगर सोबत चालतो, तेवढं सांगितलं की पोरांना कळतं. गेममध्येही तसंच, बघायची जागा हलली की पोतातले उंच-खोल भाग कमीजास्त सरकवायचे. फरसबंदीला छान, पण ऑक्लूजनवालं (पुढचा दगड मागच्याला झाकतो तेही दाखवणारं) घेतलंत तर एकेका पिक्सेलला उंचीचा मॅप पंधरा-वीसदा वाचावा लागतो, स्वस्त फोन तापतो. आणि कड त्यानेही साधारण सपाटच राहते.

— मूळ प्रश्नकर्ता: मग ठरलं, नॉर्मल मॅप नाव तसंच, समजावताना 'लंबाचा मॅप', पहिल्या तिघांना मिळून 'भासउठाव' आणि डिस्प्लेसमेंटला 'खरा उठाव'. भासउठाव जरा जोडकाम वाटतंय, पण चालवून बघतो.

— नोट्समध्ये हिरव्या चॅनलचंही लिहा हो. ओपनजीएल आणि डायरेक्टएक्स या ग्राफिक्सच्या दोन प्रणालींत तो एकमेकांच्या उलटा असतो. आमच्याकडे एकाने न बघता लावला आणि टाकीचे घाव फोडांसारखे वर आले, भिंतीला कांजिण्या झाल्यागत.