रेस दिली की क्षणभर काहीच नाही, मग एकदम झटका: डिझेल गाडीत दोष पेडलचा की आणखी कशाचा? (मंचावरची चर्चा, प्रत्येक पोस्टच्या आधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पाचवा गिअर:
गाडी १.३ लिटर कॉमन रेल डिझेल, बीएस ४, साधा टर्बो (व्हीजीटी, म्हणजे पाती हलणारा, नाही), ५ गिअर मॅन्युअल. रनिंग सव्वा लाखाच्या पुढे. तक्रारी तीन, आणि तिन्ही फक्त कमी वेगात.

१. स्पीडब्रेकरवरून दुसऱ्या गिअरवर उतरल्यावर रेस दिली की क्षणभर काहीच होत नाही. आणखी दाबलं की गाडी एकदम झेप घेते.
२. ट्रॅफिकमध्ये पहिल्या गिअरवर पाय उचलला की गाडी जोरात अडते, आणि वेग उतरत आल्यावर खालून 'धक्' आवाज येऊन पुन्हा पुढे ढकलते.
३. पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना क्लच दाबला की आरपीएम उतरायच्या ऐवजी दोन-तीनशेने वर जातो. हे हल्ली सुरू झालंय. आधीच्या दोन गोष्टी थोड्याफार पहिल्यापासून आहेत.

चेक इंजिनचा दिवा लागत नाही, हायवेला काही तक्रार नाही, मायलेज ठीक. आतापर्यंत मिळालेले सल्ले: पेडल बदला, थ्रॉटल बॉडी साफ करा, पेडलच्या कनेक्टरवर लावायचा 'थ्रॉटल कंट्रोलर' बसवा. पैसे घालण्याआधी काय तपासावं आणि कोणत्या क्रमाने?

रेल प्रेशर:
तिन्हींची कारणं वेगळी आहेत. एक पार्ट बदलून तिन्ही जाणार नाहीत.

आधी थ्रॉटलबद्दल. पेट्रोलमध्ये थ्रॉटलची झडप हवा मोजून देते आणि त्यावर ताकद ठरते. डिझेलमध्ये ताकद ठरते ती इंजेक्टर किती डिझेल सोडतो त्यावर. इनटेकला जी झडप दिसते ती ईजीआरचा वायू (एक्झॉस्टमधून परत इनटेकला फिरवलेला) ओढून घ्यायला, डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर) असेल तर त्याच्या सफाईच्या वेळी, आणि किल्ली बंद केल्यावर इंजिन थडथड न करता थांबावं म्हणून. धावताना ती बहुतेक वेळ उघडीच असते. तुमचं पेडल त्या झडपेला थेट जोडलेलंच नाही. पेडल फक्त मागणी नोंदवतं. किती डिझेल द्यायचं हे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवतो.

पहिली तक्रार इथून सुरू होते. आत किती हवा येते आहे ते पाहून ईसीयू डिझेलवर मर्यादा घालतो, नाहीतर काळा धूर निघेल. दुसऱ्या गिअरवर ११००-१२०० आरपीएमला टर्बो जवळजवळ झोपलेला असतो. हवा कमी, म्हणून मर्यादाही खाली. तुम्ही पेडल अर्धं दाबा नाहीतर पूर्ण, त्या क्षणी डिझेल तेवढंच मिळणार. काही होत नाही म्हणून पाय आणखी खाली जातो. मग १७००-१८०० ला टर्बो हवा भरू लागला की मर्यादा उठते आणि तुमचं ८० टक्के दाबलेलं पेडल एकदम खरं ठरतं. तीच ती झेप. या प्रकारच्या इंजिनाचा १९० एनएम टॉर्क २००० आरपीएमला मिळतो, त्याच्या खाली उतार तीव्र आहे.

उपाय पायात आहे: स्पीडब्रेकरवरून उतरताना पेडल लवकर पण साधारण पाव दाबा आणि तिथेच धरून ठेवा. वेग १० च्या खाली गेला असेल तर न लाजता पहिला गिअर टाका. या गाड्या दुसऱ्या गिअरवर नुसत्या आयडलवर (रेस न देता) १२-१३ च्या वेगाने चालतात. त्याच्या बरंच खाली खेचलं तर इंजिन आयडलच्या खाली जातं, ईसीयू ते वाचवायला डिझेल वाढवतो आणि गाडी थरथरते. तो सगळा मार क्लच आणि गिअरबॉक्सवर बसतो.

थ्रॉटल कंट्रोलर कृपया घेऊ नका. तो पेडलचा सिग्नल फुगवून सांगतो, एवढंच. पाव दाबलं की अर्धं दाबलं असं ईसीयूला वाटतं. हवेची मर्यादा जागच्या जागी राहते आणि झेप आणखी वाईट होते.

हाफक्लच नको:
वरच्याशी सहमत. तिसरी तक्रार मात्र ड्रायव्हिंगची नाही, तिथे दोष शोधायलाच हवा. माझा पहिला संशय क्लच स्विचवर.

क्लच पेडलच्या वर ब्रॅकेटला छोटा स्विच असतो. क्लच दाबला हे त्यावरून ईसीयूला कळतं. गाडी गिअरमध्ये आहे असं वाटत असताना पाय उचलला तर झटका बसू नये म्हणून ईसीयू डिझेल हळूहळू कमी करतो. स्विचने खबर दिली नाही तर क्लच दाबून इंजिन सुटं झाल्यावरही तेच चालू राहतं, इंजिनवर भार नसतो आणि आरपीएम वर जातो. स्विच अर्धवट काम करत असेल तर दिवा लागत नाही.

ओबीडीचा (गाडीच्या तपासणी सॉकेटला लागणारा) स्कॅनर लावून लाइव्ह डेटा बघा. साधा ब्लूटूथवाला बऱ्याचदा क्लच स्विच दाखवत नाही, गॅरेजचा चांगला स्कॅनर हवा. क्रम असा:

क्लच स्विच: पेडल हळूहळू दाबा, स्थिती नेमकी कधी बदलते बघा. इंजिन सुटं होण्याच्या थोडी आधी बदलायला हवी. उशिरा बदलत असेल तर आधी स्विचची बसण्याची जागा तपासा. स्विच स्वस्त असतो.

ब्रेक स्विच: यात दोन संपर्क असतात, दोन्ही एकाच वेळी बदलले पाहिजेत. ब्रेक दाबलेला दिसत असताना रेस दिली तर अनेक गाड्यांत ईसीयू ताकद कापतो. स्कॅनरवर दोषाचा कोड बहुधा पी०५७१ किंवा पी०५०४.

पेडल: आत दोन सेन्सर, कनेक्टरला सहा तारा. दोन ५ व्होल्टच्या, दोन अर्थ, दोन सिग्नल. बॉशच्या पद्धतीच्या बहुतेक पेडलांत पाय काढलेला असताना एक सिग्नल ०.७ ते ०.८ व्होल्ट आणि दुसरा त्याच्या निम्मा. सावकाश पूर्ण दाबताना दोन्ही सलग चढले पाहिजेत आणि निम्म्याचं प्रमाण टिकलं पाहिजे. मध्येच एखादा खाली आपटला तर पेडल गेलं. प्रमाण फार बिघडलं तर ईसीयू पी२१३८ टाकून लिंप मोडमध्ये (ताकद कापून जेमतेम चालवण्याच्या स्थितीत) जातो. आकडे नीट आले तर पेडल बदलू नका. आणि जाड मॅट पेडलखाली अडकत नाही ना, तेही हाताने बघा.

काळा धूर:
दुसऱ्या तक्रारीबद्दल. पाय पूर्ण उचलला की आयडलच्या वर डिझेल पूर्ण बंद होतं, म्हणून गाडी अडते. आरपीएम आयडलजवळ आला की डिझेल पुन्हा सुरू, म्हणून ढकलते. हे ठरवूनच केलेलं आहे. पण 'धक्' आवाज यायला नको. तिथे इंजिन फाउंडेशन (माउंटिंग) बघा, विशेषतः खालचा टॉर्क रॉड (इंजिनचं डोलणं रोखणारा). सव्वा लाखाला त्याचं रबर फाटलेलं असणं अगदी साहजिक आहे.

तपासणी: बॉनेट उघडा, हँडब्रेक पूर्ण, पाय ब्रेकवर. पहिल्यात क्लच जेमतेम पकडेपर्यंत सोडा, परत दाबा. मग रिव्हर्समध्ये तेच. दुसऱ्या माणसाने बाजूला उभं राहून बघायचं, गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही नको. इंजिन थोडं डोलणारच, पण उडी मारून आवाज करत असेल तर रॉड बदला. नवीन रॉडचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. त्याच वेळी ड्राइव्ह शाफ्टचा खेळही हाताने बघून घ्या.

आणि रांगेत सरकताना पहिल्यात क्लच पूर्ण सोडून रेसला हातच लावू नका. आयडल गव्हर्नर गाडीला ६ ते ८ च्या वेगाने आपोआप नेतो. पुढे जागा होऊ द्या, मग सरका. हाफ क्लचवर रांगणं हे क्लच प्लेट लवकर जाण्याचं सगळ्यात मोठं कारण.

पाचवा गिअर:
फार उपयोगी. ईजीआर आणि ती इनटेकची झडप साफ करून पहिल्या तक्रारीत फरक पडेल का? एका ठिकाणी ईजीआर ब्लँक करायला (कायमचा बंद करायला) सांगतात.

रेल प्रेशर:
पडू शकतो, पण आधी मोजा. इंजिन बंद, किल्ली ऑन: मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९४-९५. यात मोठी तफावत असेल तर सेन्सरवर काजळी आहे. मग एअर मास सेन्सरचा, म्हणजे आत येणाऱ्या हवेचा आकडा: १२४८ सीसीत एका सिलिंडरला ३१२ सीसी येतात, म्हणजे गरम इंजिन आयडलवर ईजीआर बंद असताना साधारण ३०० मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक. ईजीआर उघडला की आकडा स्पष्ट खाली आला पाहिजे आणि रेस देताच परत वर. खालीच अडकून राहत असेल तर झडप उघडी अडकली आहे, आणि तुमचा लॅग (रेस दिल्यावरचा उशीर) नेहमीपेक्षा जास्त आहे. इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणारा) पाइपच्या जोडांवर ताजं ओलं तेल दिसतं का, तेही बघा. तिथून हवा गळाली तरी लॅग वाढतो, फार गळाली तर पी०२९९ येतो.

साफ करायची झाली तर झडप काढून बाहेर साफ करा. जागेवर स्प्रे मारला तर काजळीचे खडे इंजिनात जातात. मोटर असलेली झडप बोटाने जोर लावून फिरवू नका, आतल्या गिअरचे दात तुटतात. गास्केट नवीन. एअर मास सेन्सरला फक्त त्याचाच क्लीनर, कार्ब क्लीनर किंवा कापड अजिबात नको. किल्ली बंद केल्यावर ईसीयू काही वेळ जागा राहून नोंदी साठवतो, काही गाड्यांत झडपेची शेवटची जागाही तेव्हाच शिकतो, म्हणून बॅटरी काढण्याआधी मिनिटभर थांबा.

ब्लँक करू नका. नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, पी०४०१ येतो, आणि तुमचा प्रश्न स्विच आणि टॉर्क रॉडचा असेल तर तो तसाच राहतो.

काळा धूर:
बीएस ६ गाडीवाले हे वाचत असतील तर एक भर. डीपीएफची सफाई चालू असताना आयडल थोडा वर असतो, पंखा जोरात चालतो आणि पेडल वेगळं लागतं. त्या वेळी घेतलेले आकडे धरू नका, गाडीही बंद करू नका. सफाई पूर्ण होऊ द्या, मग स्कॅनर लावा.