रिपोर्ट नॉर्मल, तरी वहिनी थकलेल्या

'सीआरपी नॉर्मल आलाय, मग थकवा कसला?' असं संधिवाताबद्दल एकानं विचारलंय (सीआरपी म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी), म्हणून लिहितो. आमच्या वहिनींना ऱ्हुमॅटॉइड, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात आहे. गोळ्यांनी सूज आटोक्यात, ईएसआर ही सुजेची दुसरी रक्ततपासणीही खाली. तरी परवा ज्वारीचं पीठ मळलं, एक भाकरी थापली आणि हात तसेच परातीत ठेवून भिंतीला टेकल्या. झोप आली म्हणून नव्हे, अंगात जीवच उरला नव्हता.

सूज हे एकच कारण नसतं. दुखण्यानं तुटलेली झोप, उदासी, 'उद्या बोटं वळतील का' ही धास्ती, सगळं थकव्यात मिसळतं. आणि सोलापुरात पाणी येण्याचा दिवस! भल्या पहाटे घागरी कोण उचलणार? बोटं वाकडी नाहीत म्हणून घरच्यांना (मलाही, खोटं कशाला बोलू) तो आळस वाटायचा. मग वहिनी एका दिवसात सगळं उरकायच्या आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात.

युलार या संधिवातावर काम करणाऱ्या युरोपीय संघटनेनं २०२३ मध्ये अशा थकव्यासाठी झेपेल तसा व्यायाम आणि मानसिक आधार, समुपदेशन सुचवलंय. हिमोग्लोबिन, थायरॉइड मात्र आधी तपासा. आता पाणी मी भरतो. वहिनी संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकडे हळूहळू फिरून येतात.