मदत हवी आहे: बहिणीला सिनेमाचं साउंड शिकायचंय. पुणे, बेंगळुरू की मुंबईची खासगी संस्था?

वडगावकर

नमस्कार. बेळगावच्या वडगावातून लिहितोय. घरचे चार यंत्रमाग आहेत, साड्या विणतो. बाबा आणि मी माग बघतो, आई सुताच्या कांड्या भरते. धाकटी बहीण यंदा बीसीए झाली. तिला सिनेमाचं साउंड शिकायचंय. ॲक्टिंग नाही, डायरेक्शन नाही, साउंड. मलाही हे कळायला वेळ लागला, म्हणून आधी ते सांगतो, मग पैशाचं विचारतो.

गेलं वर्षभर ती मोबाईलवर आवाज टिपते. पहाटे माग सुरू व्हायच्या वेळी फोन ओढणीत गुंडाळून कांड्यांच्या टोपलीत ठेवते. धोट्याचा (मागात आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो) आवाज आधी जवळून, मग दाराबाहेरून, मग मागच्या गल्लीतून. एकदा लाईट गेली आणि चारही माग एकदम थांबले. त्यानंतरचं दीड मिनिट तिने तसंच रेकॉर्ड करून ठेवलंय. त्यात काहीच नाही. लांब कुणीतरी खोकतंय, आई पाट सरकवते, एवढंच. मी म्हटलं, हे कशाला ठेवलंस? तर म्हणाली, "दादा, हेच तर ऐकायचं."

मग एका रात्री तिने बाबांच्या कानाला हेडफोन लावला. ते डोळे मिटून बराच वेळ ऐकत बसले आणि म्हणाले, "तिसऱ्या मागाचा पिकर गेलाय की गं." पिकर म्हणजे धोट्याला ठोसा देणारा तुकडा. सकाळी उघडून बघितलं तर खरंच झिजला होता. त्या दिवसापासून बाबा तिच्या बाजूचे झाले. आता मलाच म्हणतात, "पोरगी एवढं मनापासून करूलालीय, तू आडवं कशाला पडतोस?"

मी आडवा पडत नाही. मला आकड्यांची भीती वाटते. मुंबईतल्या एका खासगी संस्थेत फोन केला होता. दोन वर्षांचे 14 लाख सांगितले, राहणं-खाणं वेगळं. त्यानंतर रोज फोन येतोय, "सीट भरत आल्यात, या आठवड्यात टोकन भरा." आमच्याकडे साठवलेले 4 लाख आहेत, तेही खरं तर तिच्या लग्नासाठी म्हणून ठेवलेले. बाबा म्हणतात, आजीच्या नावची खानापूरकडची बारा गुंठं विकू. आजी अजून आहे. तिला कुणी विचारलेलं नाही.

पुण्याच्या एफटीआयआयचं (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट) नाव ऐकून आहे, पण तिथे आमच्यासारख्यांचं होतं का? तिचं दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे पीयूसी (आमच्याकडची अकरावी-बारावी) सायन्स. आणि आम्ही पडलो कर्नाटकातले, महाराष्ट्रातल्या संस्थेत आम्हाला कसं धरतात तेही कळत नाही. बेंगळुरूचीही एक सरकारी संस्था आहे म्हणतात.

ज्यांनी यातलं काही केलंय किंवा कुणाला करताना जवळून बघितलंय, त्यांनी कृपया सांगा. टोकन भरायला रविवारपर्यंत मुदत दिलीय.

रेकॉर्डिस्ट कोल्हापूर

भाऊ, आधी ते टोकन भरू नका. रविवार गेला तर काही बिघडत नाही. ज्या संस्थेला विद्यार्थी पारखून घ्यायचे असतात ती आधी परीक्षा घेते, टोकन मागत नाही.

मी कोल्हापुरात मालिकांच्या सेटवर लोकेशन साउंड करतो, अकरा वर्षं झाली. तुमच्या बहिणीने लाईट गेल्यावरचं जे दीड मिनिट ठेवलंय ना, ते आम्ही प्रत्येक सीननंतर मुद्दाम घेतो. सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची, त्याला रूम टोन म्हणतात. एडिटिंगमध्ये दोन संवादांच्या मधली फट भरायला ती लागते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि ती चुकली की प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण खटकतं. कुणी न शिकवता हे जिला सुचलं तिला या कामापासून लांब ठेवू नका, एवढं तळमळीने सांगतो.

मी स्वतः कुठल्याच संस्थेत गेलो नाही. बूम (लांब काठीवरचा माईक) धरायला लागलो तेव्हा दिवसाला 500 मिळायचे, तेही चार-चार महिन्यांनी. हात तयार झाले. पण मिक्सिंगच्या (सगळे आवाज एकत्र बसवायच्या) स्टुडिओत बसलो की अजून मला काही गोष्टींचं "का" सांगता येत नाही. शिकून आलेली पोरं तिथे पुढे जातात. त्यामुळे शिक्षणाला माझा विरोध नाही, 14 लाखांना आहे.

पुण्याचं परकं समजू नका. प्रभात कंपनी 1929 साली सुरू झाली ती आमच्या कोल्हापुरात. 1933 ला ती पुण्याला गेली आणि तिच्याच स्टुडिओच्या आवारात 1960 साली ही संस्था उभी राहिली. आपल्या भागातली माणसं त्या वाटेने आधीपासून जात आलीत.

निपाणीची

दादा, मी निपाणीची. पुण्यात एक वर्षाचा टेलिव्हिजन विभागाचा एडिटिंगचा कोर्स केलाय. आता पुण्यातच काम करते.

तुमचा पहिला गैरसमज काढते. एफटीआयआय महाराष्ट्र सरकारची नाही, केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अखत्यारीतली आहे. तिथे बेळगावची मुलगी आणि पुण्याची मुलगी सारखीच. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग-मेडिकलच्या प्रवेशात सीमाभागातल्या 865 गावांच्या मराठी मुलांसाठी जी वेगळी सोय असते, तिचा इथे संबंध नाही. तिची गरजही नाही.

साउंडचा मोठा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. पदवी कुठलीही चालते, पण बारावीला भौतिकशास्त्र लागतं. बहिणीने पीयूसी सायन्स केलंय म्हणजे ती अट पुरी होते. हे वाचून मला बरं वाटलं, कारण माझी एक मैत्रीण कॉमर्सची होती आणि तिला हे फॉर्म भरताना कळलं. कोलकात्याची सत्यजित राय संस्थाही (1995 साली सुरू झालेली) केंद्राचीच, तिथेही साउंडचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पुण्यात साउंडचा एक वर्षाचा टीव्हीचा कोर्सही आहे.

फी खासगीपेक्षा खूप कमी आणि वसतिगृह आवारातच. पण जागा एका विभागाला दहा-बाराच्या आसपास, आणि परीक्षा देशभरातून. आधी लेखी, त्यात निवड झाली तर पुढे पुण्याला बोलावतात, मुलाखत होते. पहिल्या फटक्यात नाही झालं तर रडू नये. माझं दुसऱ्या वेळी झालं.

मराठी माध्यमाचं मनात आणू नका. मी निपाणीच्या शाळेत मराठीतच शिकले. मुलाखतीत मला विचारलं, घरी कोण काय करतं? मी तंबाखूच्या वखारीबद्दल बोलले. आत शिरल्यावर नाकात जाणारा तो झणका, पोती उलथताना बायका तोंडाला पदर कसा बांधतात, हे सांगत गेले आणि भीती कधी गेली ते कळलंच नाही. बहिणीकडे माग आहेत. तिने ते रेकॉर्डिंग वर्षभराचं नीट तारखा घालून लावून ठेवावं. कुठे ठेवला होता फोन, काय ऐकू येत होतं, हे वहीत लिहावं.

हेसरघट्टा

बेंगळुरूचं मी सांगतो. शहराबाहेर हेसरघट्ट्याला सरकारी फिल्म आणि टीव्ही संस्था आहे. मूळची ती एस. जे. पॉलिटेक्निकमधली शाखा, 1943 पासूनची. कॅमेरामन व्ही. के. मूर्ती तिथले, गोविंद निहलानीही तिथलेच. साउंड रेकॉर्डिंगचा डिप्लोमा आहे, फी राज्य सरकारी पॉलिटेक्निकची, आणि आपण कर्नाटकचे असल्याचा फायदा इथे मिळतो.

पण तो एसएसएलसी म्हणजे दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. बीसीए झालेल्या मुलीने सोळा-सतरा वर्षांच्या मुलांबरोबर बसायचं का, ते तिने ठरवावं. कामाचं म्हणाल तर पुढचं जाळं कन्नड इंडस्ट्रीत तयार होतं. बेळगावच्या मुलीला कन्नड येत असणार, त्यामुळे ते काही वाईट नाही. मराठी माणूस म्हणून हा पर्याय आधीच बाजूला टाकू नका.

टिळकवाडी

मी बँकेतून निवृत्त झालोय, शैक्षणिक कर्जाचं टेबल बरीच वर्षं सांभाळलंय. सिनेमातलं मला कळत नाही, फक्त हिशोब मांडतो.

सर्वसाधारण योजनेत 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही. साडेसात लाखांपर्यंतही बहुधा मालमत्तेचं तारण न देता जमतं. त्याच्या वर गेलात की बँक घर किंवा जमीन मागते. म्हणजे 14 लाखांच्या कोर्सला ती बारा गुंठं विका नाहीतर गहाण टाका, जमीन गुंतलीच. राहण्याचा खर्च धरून समजा 15 लाख कर्ज काढलं, व्याज 10 टक्के, मुदत 10 वर्षं, तर हप्ता महिन्याला 19,800 च्या आसपास येतो. कोर्स संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता सुरू होत नाही, पण व्याज त्या काळातही चढत असतं. वर कोल्हापूरच्या भावांनी सुरुवातीची मिळकत सांगितलीय, ती या हप्त्याशेजारी ठेवून बघा.

दुसरं, आरक्षणाचा किंवा ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला लागणार असेल तर आत्ताच तहसीलदार कचेरीत अर्ज द्या. केंद्राच्या संस्थेला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. राज्याच्या यादीत असलेली जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. आपल्याकडचा कन्नडमधला दाखला घेऊन गेलेली मुलं परत आलेली मी बघितलीत. आणि लग्नासाठी ठेवलेल्या पैशांबद्दल, मुलगी कमावती झाली तर ते पैसे काही कुठे जात नाहीत.

खानापूर तालुका

मी एका खासगी संस्थेत दोन वर्षं काढली, नाव घेत नाही. 9 लाख गेले. माहितीपत्रकात जो मिक्सिंग स्टुडिओ छापला होता त्यात आम्ही पूर्ण कोर्समध्ये चार वेळा बसलो, एकेका वेळेला वीसजण. कपाटात चांगले माईक होते, किल्ली ज्यांच्याकडे ते आठवड्यातून दोनदा यायचे. शिकवणारे वाईट नव्हते, पण सेमिस्टरमध्ये तीनदा बदलले. वडिलांना हे मी कधी सांगितलं नाही. ते अजून पाहुण्यांना अभिमानाने फोटो दाखवतात.

सगळ्याच खासगी संस्था अशा नसतात. पण पैसे भरायच्या आधी तिथे जा, शेवटच्या वर्षाच्या मुलांना बाहेर चहाच्या गाड्यावर गाठा आणि एकच विचारा, या महिन्यात मशीनवर किती तास बसलात? ऑफिसात बसून विचारू नका.

वडगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर आई-बाबांना सगळं वाचून दाखवलं. हप्त्याचा आकडा ऐकून बाबा गप्प झाले. रूम टोनचं वाचलं तेव्हा बहीण उठून आत गेली. मागोमाग आई गेली. बराच वेळ दोघी आतच होत्या.

टोकन भरलेलं नाही. फोन आला तेव्हा बहिणीनेच घेतला आणि विचारलं, "महिन्याला मशीनवर किती तास मिळतील?" समोरच्या बाई म्हणाल्या, सरांना विचारून सांगते. अजून सांगितलेलं नाही.

आता असं ठरतंय. पुणे आणि कोलकाता दोन्हीकडे अर्ज करायचा. तोवर वर्ष वाया जाऊ द्यायचं नाही. साठवलेल्यातले थोडे काढून एक साधा रेकॉर्डर आणि बरे हेडफोन घेऊ. टिळकवाडीच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे दाखल्याचा अर्ज सोमवारी देतो. आजीला मी स्वतः विचारलं. ती म्हणाली, "जमीन विकायची तर माझ्या माघारी विका, पण पोरीला शिकवा."

अजून दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

रेकॉर्डिस्ट भाऊ, तुमच्या सेटवर ती महिनाभर नुसती बघायला, केबल गुंडाळायला आली तर चालेल का? पैसे नकोत. कोल्हापुरात मावशी आहे, राहायची सोय होईल.

आणि संगणकावर आवाज जोडायला कुठलं सॉफ्टवेअर शिकावं? घरचा लॅपटॉप बीसीएचा, जुना आहे.

रेकॉर्डिस्ट कोल्हापूर

येऊ दे. मात्र तुम्ही किंवा वडील पहिल्या दिवशी सोबत या, सेट कसा असतो ते डोळ्यांनी बघून जा, म्हणजे घरच्यांना घोर राहणार नाही. शिफ्ट बारा तासांची असते, सकाळी सातला हजर लागतं. पायात आवाज न होणारे बूट आणि हातात बांगड्या नकोत, माईकमध्ये येतात.

सॉफ्टवेअर रीपर घ्या. जुन्या लॅपटॉपवर चालतं, 60 दिवस फुकट वापरून बघता येतं आणि नंतर छोट्या वापराचा परवाना 60 डॉलरला आहे. स्टुडिओत प्रो टूल्स असतं, पण कान तयार व्हायला रीपर पुरे. पहिला अभ्यास मी देतो: मागाचं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग घ्यायचं आणि त्यातून लाईट गेल्याचा क्षण असा बांधायचा की कधीही माग न बघितलेल्या माणसालाही कळावं, इथे काहीतरी थांबलं.

निपाणीची

दादा, परीक्षेला किंवा मुलाखतीला पुण्याला यावं लागलं तर लॉजवर राहू नका. माझ्याकडे दोन खोल्या आहेत. आईलाही आणा. आणि येताना बेळगावचा कुंदा आणा, इथे तसा मिळत नाही.

वडगावकर

ताई, कुंदा नक्की. भाऊ, सोमवारी दाखल्याचं काम करतो आणि गुरुवारी सकाळच्या पहिल्या एसटीने बाबा तिला घेऊन कोल्हापूरला येतात. सेट चित्रनगरीत आहे की दुसरीकडे, तेवढं कळवा.