म्युनिकहून आईबाबांना घेऊन ग्रीसचं बेट: दोन रात्री आणि एक दुखरा गुडघा

इसारकाठ

नमस्कार. आम्ही म्युनिकला असतो. आईबाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेत. सप्टेंबरअखेरीस शुक्रवारी सकाळी निघून रविवारी रात्री घरी, एवढाच वेळ आहे, सोमवारी मला ऑफिस. अथेन्सपर्यंत अडीच तासांचं विमान, पण तिथून पुढे कुठलं बेट? बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक, पडके दगड दाखवले की जेवण विसरतात. आईचा उजवा गुडघा गेलाय आणि ती अंडंही खात नाही. नवऱ्याने सँटोरिनीचा हट्ट धरलाय (निळा घुमट, व्हॉट्सॲपचा डीपी). मला वाटतं धावपळ होईल. कोणी आईवडलांना घेऊन गेलंय का?

वाळूतला_वाघ

सँटोरिनीच करा. ग्रीसला जाऊन सँटोरिनी न बघणं म्हणजे आग्र्याला जाऊन नुसता पेठा घेऊन येणं. अथेन्सहून विमानाने पाऊण तास लागतो, बस्स.

भाट्येकर

वाघसाहेब, पेठा मला आवडतो. पण आईंचा गुडघा वाचलात का? तिथली गावं कड्याच्या कपाळावर, आणि डीपीतला तो घुमट गाठायचा तर पायऱ्याच पायऱ्या. पाऊण तास फक्त हवेतला. विमान बदला, थांबा, पुन्हा चेक-इन करा, यात शुक्रवार आणि रविवार दोन्ही विमानतळावर जातात. बोटीने गेलात तर पिरेअसहून, म्हणजे अथेन्सच्या बंदरातून, पाच ते आठ तास.

ताई, एजिना करा, पिरेअसजवळचंच बेट. तिकडचे लोक 'एयिना' म्हणतात, धक्क्यावर ऐकताना गोंधळू नका. मी जहाजावर इंजिनिअर होतो. पिरेअसशेजारी पेरामाला आमचं जहाज दुरुस्तीसाठी सात आठवडे पडून होतं, तेव्हा सुट्टी मिळाली की मी एजिनाची बोट धरायचो. पाचदा गेलो.

विमानतळावरून मेट्रो थेट पिरेअसला जाते, साधारण तासाभरात. समोरच बंदर, तुमचं गेट ई ८, सावकाश दहा-पंधरा मिनिटं चाल. बोटी दोन तऱ्हेच्या. छोटी पाण्यावर उचलून पळते, चाळीस मिनिटांत नेते; पण आत कोंडून बसायचं, काचेवर मिठाची पुटं, आणि वारा वाढला की आधी तीच रद्द. मोठी गाड्या घेऊन जाते, तिला सव्वा तास लागतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाते ना रो-रो, तिची म्हातारी आत्या समजा. हिच्यातच बसा आणि वरच्या डेकवर जा. गाड्यांच्या मजल्यावरून वर जायचा जिना उभा असतो. आईंना पुढे घाला, मागचा लोंढा थांबेल खुशाल.

शनिवारी सकाळी अफायाचं देऊळ. आगिया मारिना गावाची बस तिथूनच जाते, पण येताना टॅक्सी सांगून ठेवा, सीझन उतरला की बसा विरळ होतात. टेकडीवर पाइनच्या झाडीत देऊळ आहे, इ.स.पू. ५०० च्या आसपासचं. जवळपास दोन डझन खांब अजून उभे आहेत, आतल्या बाजूला तर खांबावर खांब, दुमजली. दगड संगमरवर नव्हे, चुनखडीचा. जवळून पाहा, जांभ्यासारखी भोकं दिसतील, रंग तेवढा पिवळट. आणि ही अफाया फक्त याच बेटाची देवी, आपल्या ग्रामदेवतेसारखी. पुढे तिला अथेना देवीत मिसळून टाकलं. गाइड सांगेल की हे देऊळ, अथेन्सचं पार्थेनॉन आणि सुनियॉनचं देऊळ मिळून पवित्र त्रिकोण होतो. नकाशावर कुठलीही तीन देवळं घ्या, त्रिकोण होतोच.

बाबांसाठी खास: या देवळाच्या मूर्ती तुमच्याच गावात आहेत. १८११ मध्ये काही इंग्रज आणि जर्मन मंडळींनी त्या उकरून काढल्या, लिलावात बव्हेरियाच्या राजपुत्राने घेतल्या. म्युनिकचं ग्लिप्टोथेक संग्रहालय बघा.

इसारकाठ

काय सांगताय! ऑफिसला जाताना त्या इमारतीवरून जाते मी. आईच्या खाण्याचं काय? आणि पालेओखोरा नावाचं काही दिसतंय, ते?

भाट्येकर

पालेओखोरा म्हणजे ओसाड जुनं गाव. चाच्यांच्या भीतीने लोक किनारा सोडून डोंगरात राहिले होते, आता तिथे तीसेक छोटी चर्चेस उरलीत. वाट खडबडीत, आईंना नाही. बाबांना एकट्याला पाठवा, आई खाली संत नेक्तारिओसच्या मोठ्या चर्चमध्ये सावलीत बसतील.

खाण्याची काळजी नको. 'फावा' मागा, पिवळ्या डाळीचं घोटलेलं वरणच, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. 'यिगांतेस' म्हणजे टोमॅटोतल्या पावट्याएवढ्या नव्हे, अंगठ्याएवढ्या शेंगदाण्या. 'येमिस्ता' म्हणजे भात भरलेले टोमॅटो-मिरच्या, कधी त्यात खिमा असतो, म्हणून 'ओर्फाना' म्हणायचं. अनाथ! खिमा नाही म्हणून बिचारी अनाथ. 'निस्तीसिमो' म्हणजे उपासाचं, त्यात दूध-अंडंही नसतं. पण सावध, त्यांच्या उपासाला ऑक्टोपस चालतो.

पिस्ते धक्क्यावरच्या पहिल्या टपरीवर घेऊ नका. आत गल्लीत चाखून घ्या.

नेहा_कोथरूड

शेंगदाण्या नाही हो काका, मोठा पांढरा वाल!

भाट्येकर

वाल. बरोबर. इंजिनिअर आहे, आचारी नाही.

इसारकाठ

जाऊन आलो! उशीर झाला लिहायला.

मोठी बोट घेतली. आईने सव्वा तास रेलिंग सोडलं नाही, उतरताना म्हणाली, "एवढ्यात?" शनिवारी नवरा कुरकुरतच अफायाला आला आणि फोटो त्यानेच सगळ्यात जास्त काढले. बाबा एका खांबाच्या भोकात बोट घालून उभे होते, रखवालदारीण लांबून ओरडली. परतीची टॅक्सी मी सांगायची विसरले, बस चुकली, पंचावन्न मिनिटं रस्त्याकडेला बसलो. चूक माझीच. आईने तेवढ्यात अर्धा किलो पिस्त्यांपैकी पाव किलो सोलून संपवले.

'ओर्फाना' म्हटल्यावर वेटर इतका खूश झाला की आईला दोन टोमॅटो जास्त आले. निस्तीसिमो म्हणायची मात्र आईची हिंमत झाली नाही.

ग्लिप्टोथेकला आधी जमलं नाही, पुढच्या रविवारी गेलो. पश्चिम बाजूच्या मूर्तींमध्ये एक पडलेला योद्धा छातीतला बाण उपसतोय आणि चक्क हसतोय. बाबा त्याच्यासमोर बराच वेळ थांबले. मग मला विचारलं, "तिथली ती टेकडी बघितली ना आपण, हा नेमका कुठल्या कोपऱ्यात होता गं?" मी फोनवरचे फोटो काढले, नवऱ्याचे दोनशे आणि माझे सत्तर, आणि तिथेच बाकावर बसून आम्ही कोपरा शोधत राहिलो.