मिलिंगच्या नीला मोटर लावायची आहे, पण हँडलही हाताने फिरलं पाहिजे

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं छोटं मशीनशॉप आहे. जुनं नी टाइप व्हर्टिकल मिलिंग आहे (नी म्हणजे टेबल पेलणारा, वर-खाली होणारा भाग). टेबलाला पॉवर फीड आहे, म्हणजे ते मोटरने सरकतं, पण नी वर-खाली करायला नुसतं हँडल.

काम फाउंड्रीतून येणाऱ्या पंपाच्या बॉड्यांचं. प्रत्येक नगाला ड्रिल चक काढून बोरिंग हेड चढवायचं, त्यासाठी नी १२० मिमी खाली आणि परत वर. हँडलच्या एका फेऱ्याला नी २ मिमी सरकते. नगामागे १२० फेरे, दिवसाला २० नग काढले की २४०० फेरे! हे सगळं अण्णा, म्हणजे माझे वडील, करतात. वय ६३, दिवाळीपासून उजवा खांदा धरलाय. विश्रांती घ्या म्हटलं तर "आधी मोटर लाव, मग बघू."

हँडलच्या टोकाला ताणकाटा अडकवून ओढून बघितलं. वर नेताना ८ किलो, खाली येताना ३. हँडल २०० मिमी लांब, म्हणजे वर नेताना साधारण १६ न्यूटन-मीटर. माझ्याकडे अर्ध्या एचपीची १४४० आरपीएमची मोटर आणि ३०:१ चा वर्म गिअरबॉक्स पडून आहे. एकास एक चेन लावली तर ४८ आरपीएम, १२० मिमीला सव्वा मिनिट. अण्णा हाताने याहून लवकर नेतात, पण खांद्याचं काय?

अडचण अशी, की हा वर्म मागून फिरवला तर फिरत नाही. चेन कायम जोडलेली राहिली तर हँडल जागचं हलणार नाही, आणि शेवटचा कट तर हँडलजवळची रेघांची डायल बघूनच घ्यायचा असतो (एक रेघ ०.०२ मिमी). कुणी असं केलंय का?

ता. क. कॉर्डलेस ड्रिलला सॉकेट लावून झालंय. खाली येताना झकास, वर जाताना नी राहिली तिथंच आणि माझं मनगट पिळलं.

प्रतिसाद १
भावा, मोटर नंतर. ८ किलो लई होतंय. नीचा लॉक पूर्ण सैल आहे का? गिब (सरकत्या भागातली फट भरणारी पट्टी) किती आवळलीय? नी उचलणाऱ्या स्क्रूवर बिडाचा चुरा आणि वाळलेलं ग्रीस बसलं असणार. मोटर लावलीस तर ती हे सगळं गुमान ओढेल आणि नट खाऊन टाकेल.

प्रतिसाद २
स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) हँडलच्या शाफ्टला चावीने बसवू नका. पितळी बुशवर मोकळं ठेवा. शेजारी चावीवर सरकणारी कॉलर घ्या, दोघांच्या समोरासमोरच्या तोंडांवर डॉगचे, म्हणजे एकमेकांत अडकणारे, दात पाडा. कॉलर स्प्रॉकेटकडे ढकलली की मोटर, मागे ओढली की हात. बहुतेक मिलिंगना हँडल आत दाबल्यावरच अडकतं, मधली स्प्रिंग ते बाहेर ढकलते. तुमची स्प्रिंग गेली असेल तर आधी ती बदला. मोटर चालू असताना हँडल अडकलेलं राहिलं तर ते गरगरा फिरून कुणाच्या तरी बरगडीत बसेल.

मोटर-गिअरबॉक्स नीवरच बसवा. खाली जमिनीवर ठेवलात तर नी हलली की चेनचं काही खरं नाही. स्विच बोट काढलं की थांबणारा घ्या. दोन्ही टोकांना लिमिट स्विच लावा, पण वरच्या लिमिटवर विसंबू नका. कटर कधी लांब, कधी आखूड, जॉब कधी उंच. लिमिट येण्याआधीच जॉब कटरला भिडेल. वर जाताना १० मिमी आधी थांबवा, उरलेलं हाताने.

मूळ धागाकर्ता
दोघांचेही आभार. काल नी खाली घेऊन स्क्रू रॉकेलने धुतला, गिब थोडी सैल केली. चुरा वाटीभर निघाला! आता ताणकाट्यावर वर जाताना साडेपाच किलो. हँडलची स्प्रिंग तुटलेलीच होती.

आता डॉगचं. शाफ्ट पुढे जेमतेम ३५ मिमी मोकळा आहे. त्यात स्प्रॉकेट आणि सरकती कॉलर दोन्ही बसतील, की शाफ्टच लांब करून घ्यावा? अण्णांचं मत लांब करावा असं आहे. डायल कुठे जाईल, हे मात्र ते सांगत नाहीत.