गाण्यातल्या मुलीचा चेहरा शोधून द्या

महालातली (धागाकर्ती)

आमच्या वाड्यातल्या एका मुलीनं मागच्या महिन्यात एका अल्बम गाण्यात काम केलं. शूटिंग नागपुरातच, अंबाझरी तलावाच्या बाजूला, एका दिवसात. मुलगी सात वर्षांपासून कथ्थक शिकते. गाण्याच्या मुखड्यावर डोळे कसे फिरवायचे हे तिनं आमच्या ओट्यावर बसून आठ दिवस घोटलं होतं. गाणं यूट्यूबवर आलं तेव्हा आम्ही सगळे तिच्या घरी जमलो, बाबांनी मोबाईल टीव्हीला जोडला. पहिला शॉट पैंजणाचा. दुसरा कमरेचा. मग हिरो गॉगल खाली करून बघतो. मग तिची पाठ. पुन्हा हिरो. पहिलं कडवं संपेपर्यंत तोंड दिसलंच नाही. आजी म्हणाली, "अवं, तू कुठी दिसून राहिली यात?"

मला राग कपड्यांचा नाही आला. घागरा-चोळी, ओढणी, सगळं अंगभर होतं. राग कॅमेऱ्याचा आला. लॉरा मल्वी या ब्रिटिश बाईंनी 1975 मध्ये सिनेमावर एक लेख लिहिला, 'पुरुषी नजर' हा शब्द तिथून रुळला. त्यांनी तीन नजरा सांगितल्या : कॅमेऱ्याची, पडद्यावरच्या पात्राची आणि आपली. तिन्ही एका रांगेत लावल्या की खुर्चीत बसलेली बाईसुद्धा हिरोच्याच डोळ्यांनी बघायला लागते. सिनेमात निदान बाकीचे दोन तास तरी असतात, नायिकेला भांडायला, रडायला, नोकरी करायला. गाण्याच्या व्हिडिओत तेवढी चारच मिनिटं असतात, आणि तीही तुकड्यातुकड्यांत.

तुमच्या आवडीचं कुठलंही अलीकडचं अल्बम गाणं आवाज बंद करून बघा आणि मुलीचा चेहरा किती सेकंद दिसतो ते मोजा. मग बोलू.

तर्रीवाला

राजेहो, पोट्टीनं पैसे घेतले का नाही? घेतले. कोणी हात धरून नेलं का? नाही. मंग आपल्याले काऊन त्रास? शृंगार आपल्या मातीतच हाय, लावणी काय भजन हाय का? आन 1998 मध्ये सलमान शर्ट काढून गिटार घेऊन नाचला तवा कोणी धागा नाही काढला. टाकीजमंदी पोट्ट्याबी शिट्ट्या मारून राहिल्या होत्या.

महालातली

शर्ट नव्हता, पण डोकं होतं ना हो! आणि हातात गिटार होती, म्हणजे त्याला काहीतरी करायला दिलं होतं. आता त्याच गाण्यातून सलमानचं डोकं कापा, फक्त पोट आणि मांड्या ठेवा, मध्ये मध्ये एक बाई गॉगल खाली करून बघतेय असं लावा. शिट्ट्या येतील की हसू येईल?

लावणीचं उदाहरण तर माझ्याच बाजूनं आहे. बैठकीच्या लावणीत बाई समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून अदा करते. मान खाली घालायची पाळी त्याची येते.

पैसे घेतले, बरोबर. तिला विचारून शूट केलं, हेही बरोबर. पण एडिटिंगला कुणी विचारलं होतं?

निवृत्त_कारकून

ताई, विषय अत्यंत योग्य. ही गाणी बंदच व्हायला हवीत. आपल्या पाचपावली पोलिस ठाण्यात हनी सिंग यांच्याविरुद्ध अश्लील गाण्यांबद्दल गुन्हा नोंदलेला आहे, आणि 2022 मध्ये नागपूरच्या न्यायालयाने त्यांना आवाजाचा नमुना देण्यास सांगितले होते. असा बडगा हवा. शिवाय घरंदाज मुलींनीही अशा कामांपासून दूर राहावे.

महालातली

काका, 'घरंदाज' तेवढं परत घ्या. ती मुलगी माझ्यासमोर लहानाची मोठी झाली.

आणि बडगा कशावर उगारणार? ठाण्यात तपासतात ते शब्द. आमच्या शेजारणीच्या गाण्यात चांदणं आहे, काजळ आहे, मोगरा आहे. एक शब्द वावगा सापडणार नाही. तुम्ही माझ्या बाजूनं बोलताय असं वाटतं, पण तुम्हाला मुलगी पडद्यावर नको आहे. मला ती पूर्ण हवी आहे.

संत्राबर्फी

मी बाई आहे आणि मला हे सगळं पटत नाही.

1995 मध्ये अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं. राणी ती, समोर एकेक राजकुमार हजर होतोय आणि निवड तिची. मिलिंद सोमण उघड्या अंगानं पेटीतून बाहेर येतो! आमच्या घरी नुकतंच केबल आलं होतं, आई भाजी करपवून बघायची. ती कोणाची नजर? उलट 2013 चं 'ब्लर्ड लाइन्स' हे इंग्रजी गाणं, ज्यात पुरुष पूर्ण कपड्यांत आणि मुली जवळजवळ उघड्या आणि ज्यावर जगभर वाद झाला, त्याची दिग्दर्शक डायेन मार्टेल, एक बाई. आपल्याकडचं 2002 चं 'काँटा लगा' रिमिक्सही राधिका राव आणि विनय सप्रू यांनी मिळून केलेलं. म्हणजे कॅमेऱ्यामागं बाई आली की सगळं ठीक, असंही नाही, आणि पुरुष असला की सगळं वाईट, असंही नाही.

'काँटा लगा' आलं तेव्हा मी दहावीत. दार लावून आरशासमोर नाचायचे. त्या खोलीत कोणीही पुरुष नव्हता. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे अंग माझं आहे. ते तुमच्या मल्वीबाईंनी माझ्याकडून काढून घेऊ नये.

महालातली

'मेड इन इंडिया'चं मान्य, अगदी. म्हणूनच तर म्हणते की जमतं. तीस वर्षांपूर्वी जमलं.

आरशाबद्दल मी वाद घालणार नाही. (मीही नाचलेय. गाणं सांगणार नाही.) पण आरशात तुला तुझा चेहरा दिसत होता ना?

कात्री

मी या धंद्यात आहे. धंतोलीत बसून अशी अल्बम गाणी एडिट करतो, लग्नाच्या फिल्म्सही. आतली गोष्ट सांगतो, कारण सगळं वासनेवर ढकललं जातंय आणि निम्मं कारण आळस आहे.

एक गिंबल (कॅमेरा हलू न देणारा दांडा), एक दिवसाचं भाडं, सहा वाजता उजेड गेला. नवीन मुलीचं लिपसिंक चुकतं. हिरोचंही चुकतं, पण तो बहुतेक निर्माताच असतो, त्याचे आठ-दहा टेक होतात. तिचे दोन. एडिटला आलं की ओठ जुळत नाहीत, मग तिथं इन्सर्ट, म्हणजे मध्ये घालायचा छोटा शॉट, टाकून झाकायचं. आणि इन्सर्ट म्हणून फुटेजमध्ये काय असतं? कंबर, पैंजण, मान, ओले केस. हिरोच्या बुटांचा इन्सर्ट कुणी शूटच करत नाही. झाडं, तलाव, काहीही चाललं असतं. मी मागितले होते एकदा तळ्याचे शॉट. दिग्दर्शक म्हणाला, "तळं बघायला कोण येते भाऊ?"

त्यात आता रील. आडव्या शॉटमधून उभी पट्टी कापायची असते. दोघं फ्रेममध्ये असली तर एकाचा बळी जातो, आणि चेहऱ्याचा की कमरेचा हे आधी ठरलेलं असतं. थंबनेलचं तर विचारूच नका, ते मीच बनवतो आणि मला त्याची लाज वाटते. वाटते आणि बनवतो, बिल त्यावरच निघतं.

तर्रीवाला

कात्रीभाऊ, हे बाकी पटलं. पण एक सांगा, आमच्या भंडाऱ्याकडं खडीगंमत या लोकनाट्यामंदी नाच्या म्हंजे लुगडं नेसलेला माणूसच. बाई नाहीच. मंग थे नजर कोणाची म्हणावं?

संत्राबर्फी

यावर वेगळा धागा काढा, मी येते.

कात्री

@महालातली, त्या मुलीला म्हणावं, कच्चं फुटेज मागून घे. हार्ड डिस्क पुसली नसेल तर तिचे चेहऱ्याचे टेक त्यात असतील. दोन मिनिटांचं एडिट मी करून देतो, पैसे नकोत.

महालातली

विचारलं. डिस्क पुसली म्हणाले.

पण तिला दुसरं गाणं मिळालंय, येत्या रविवारी फुटाळा तलावावर. ती जाणार आहे. मी नको म्हणाले नाही, मला तो हक्कही नाही. फक्त या वेळी तिनं फोनवर आधीच विचारलं, "माझे क्लोज-अप किती?" तिकडून उत्तर आलं, "बघू."

तर्रीवाला

रविवारी संध्याकाळी फुटाळ्यावर पाय ठेवाले जागा नसते बाप्पा. सकाळी साडेसहाले लावा म्हणा. उजेडबी चांगला, आन टेकबी जास्त होतीन.